रूपासाठी दिसावर

दिसावर हा शब्द आपल्या व्यापारी घराण्यांना नवा नाही. आजोबा दिसावरी गेले, तेथे पेढी घातली, दोन तपांनी परत आले, अशा हकीकती ज्या घरात नाहीत असे घर आपल्या सभासदांत क्वचितच सापडेल. सुरत तर दिसावरचे माहेरघरच. सतराव्या शतकात विरजी व्होरा या जैन श्रेष्ठींनी येथूनच इंग्रज व डच कंपन्यांना कर्जे दिली, आणि मिरी, प्रवाळ व कापड यांच्या उलाढालीने परदेशी वखारवाल्यांस वचकून राहावयास लावले. हिऱ्यांच्या निमित्ताने आज आपली मुले अँटवर्प, हाँगकाँग, दुबई येथे सहज जाऊन येतात. त्या प्रवासात कोणासही नवल वाटत नाही.

परंतु अलीकडे याच शहरातून निराळ्याच कामासाठी दिसावरी जाणारी मंडळी वाढू लागली आहेत. कोणी टकलावर केस लावून घेण्यास इस्तंबूलला जातो, तर कोणाची कन्या विवाह ठरण्यापूर्वी नाक सरळ करून घेण्यास बँकॉकला निघते. २० डिसेंबर २०२४ रोजी सुरतेहून बँकॉकला थेट विमान सुरू झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या पहिल्या फेरीतील प्रवाशांनी रिचविलेल्या मद्याचीच चर्चा अधिक केली. आम्हांस त्या चर्चेत रस नाही. आम्हांस विचारावेसे वाटते ते इतकेच, की रूप बदलण्यासाठी जो खर्च, जो धोका आणि जो प्रवास आपण पत्करतो, त्याची पारख आपण मालाच्या पारखीइतकी तरी करतो काय? महीधरपुऱ्याच्या बाजारात पाव कॅरटचा हिरा घेतानाही भिंग डोळ्यास लावल्याखेरीज आपण हो म्हणत नाही.

या प्रवासाची दिशा एके काळी नेमकी उलट होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

नाक कापले जाणे हा आपल्या भाषेत केवळ वाक्प्रचार उरला आहे. पूर्वी ती खरोखरीची शिक्षा होती, आणि शत्रूस जन्माची मानहानी भोगावयास लावण्याची रीतही होती. जेथे नाके कापली जात तेथे ती जोडणारेही निर्माण झाले. सुश्रुतसंहितेत पानाचे माप घेऊन गालाच्या त्वचेतून नाक घडविण्याचा विधी सांगितला आहे. पुढे कपाळाची त्वचा खाली वळविण्याची पद्धत रूढ झाली. विजापूरच्या लढायांची हकीकत सांगताना मनूची या व्हेनिसच्या प्रवाशाने तिची नोंद करून ठेविली आहे. हे ज्ञान काही घराण्यांत पित्याकडून पुत्राकडे चालत आले होते, आणि त्यांतील एक घराणे पुण्याच्या आसपास होते.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज व टिपू सुलतान यांचे युद्ध झाले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा एक मराठा होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आढळते. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापून त्यास सोडून दिले. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्यास नवे नाक करून दिले. मुंबईकडील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले हे दोन इंग्रज शल्यवैद्य ती क्रिया पाहण्यास हजर होते. त्यांनी पाहिलेला विधी लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला, आणि जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेले कावसजीचे चित्रही विलायतेत पोहोचले.

विधी वाचण्यासारखा आहे. नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्यास चांगल्या नाकाचा घाट द्यावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेने कपाळाची त्वचा सोडवावयाची, मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक लहानशी पट्टी जोडलेलीच ठेवावयाची, म्हणजे नवे नाक जागी रुजेपर्यंत रक्ताचा पुरवठा तुटत नाही. सोडविलेली त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणावयाची आणि बुंध्याभोवती घेतलेल्या चिरेत तिची कड बसवावयाची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चढवावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली कापडे ठेवावयाची. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकावयाची. मेण, काथ, तूप आणि एक धारदार पाते एवढ्या सामग्रीवर हे काम होत असे. विड्यातला काथ आणि घरातले तूप विलायतेच्या वैद्यकात असे प्रवेश करते झाले, हे वाचून आम्हांस किंचित गंमतही वाटली.

लंडनचा शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू याने ही हकीकत गांभीर्याने घेतली. त्याने मृतदेहांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही क्रिया करून दाखविली. त्या अधिकाऱ्याचे नाक पाऱ्याच्या औषधाने झडले होते. १८१६ साली कार्प्यूने आपल्या दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले. १८१८ साली बर्लिनला ग्रेफे याचा ग्रंथ निघाला. यानंतर 'प्लॅस्टिक सर्जरी'ची शाखा युरोपात वाढीस लागली. तिचे एक मूळ पुण्याच्या वीटभट्टीपाशी आहे. मात्र त्या कारागिराचे नाव कोणी खात्रीने लिहून ठेविले नाही. रोग्याचे नाव राहिले, पाहणाऱ्यांची नावे राहिली, करणाऱ्याचे मात्र राहिले नाही.

गुजरातेत या विद्येचा आणखी एक अध्याय आहे, आणि तो तर सुरतेस अधिक जवळचा. काठियावाडात कादू मकराणी या बंडखोराने धुमाकूळ घातला होता. वैऱ्यांची नाके छाटणे ही त्याची ख्याती. १८८७ साली कराचीस त्यास फाशी झाली. त्याच काळात जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी शंभरावर नाके पुन्हा घडविली, आणि १८८९ साली शंभर रोग्यांचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. कादू नाक कापतो व त्रिभुवन ते जोडतो, असे लोक बोलत. या रोग्यांस कोठेही दिसावरी जावे लागले नाही.

आतापर्यंतच्या साऱ्या हकीकती गेलेले परत मिळविण्याच्या आहेत. असलेले बदलण्याची गोष्ट पुढे आली. १८९८ साली बर्लिनच्या जॅक जोसेफ याने एका धडधाकट माणसाचे मोठे नाक केवळ त्यास चारचौघांत वावरण्याचा संकोच वाटतो म्हणून लहान करून दिले. त्या माणसास उपहासाची नित्य सवय झाली होती व तो घराबाहेर पडत नसे. जोसेफचे म्हणणे असे, की मनाचे दुःख हेही दुःखच. हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण ज्या समाजाने केली, त्या समाजाने एखाद्या मुलीस नाक सरळ करून घ्यावेसे वाटले तर तिलाच नावे ठेवावीत, हा कोठला न्याय? वधुपरीक्षेत रंग, उंची आणि नाक यांचा हिशेब मांडणारे आपणच. मग मुलीने तो हिशेब मनावर घेतला म्हणून आपण चकित होतो.

तेव्हा शस्त्रक्रिया करूच नये असे आमचे म्हणणे नाही. ती कोठे, कोणाकडून व कशाच्या भरवशावर करावी, हा मुख्य प्रश्न आहे.

थायलंडकडे हा ओघ वळला त्यामागे व्यापाराचेच कारण आहे. १९९७ साली त्या देशाचे चलन कोसळले. खासगी रुग्णालये नुकतीच मोठाली बांधून झाली होती, आणि देशी रोग्यांच्या हाती पैसा उरला नव्हता. रिकाम्या खाटा भरण्यासाठी त्यांनी परदेशी रोगी बोलाविण्याचा धंदा पद्धतशीर उभा केला. तुर्कस्तानात केसरोपणाचा व्यवसाय असाच वाढला. तेथील चलनाची घसरण परदेशी गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडली. यात गैर काही नाही. लेस्टर, नैरोबी वा न्यू जर्सी येथील आपले नातलग हिवाळ्यात लग्नकार्यास येतात आणि सुरतेत वा नवसारीत दात बसवून घेऊन परत जातात, तेही याच न्यायाने.

परंतु दलाल जो एकठोक भाव सांगतो, विमानतळावरची गाडी, हॉटेलातील चार रात्री, शहरदर्शन आणि शस्त्रक्रिया सगळे मिळून, त्यात शल्यवैद्याचा वाटा किती हे कोणी सांगत नाही. कापडाच्या गठ्ठ्यात वरचे ताके उत्तम आणि आतले हलके, हा प्रकार रिंग रोडवरील व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नसावी. भिंतीवर ज्या डॉक्टरांची पदवी टांगलेली असते, त्यांच्या हातात प्रत्यक्ष पाते असतेच असे नाही. केसरोपणात तर पुष्कळ ठिकाणी सारे काम मदतनीसच उरकतात. आपल्याकडेही हा रोग आहे. २०१९ साली मुंबईत एका व्यापाऱ्याचा केसरोपणानंतर थोड्याच अवधीत मृत्यू झाला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगास अशा शस्त्रक्रिया कोणी कराव्यात याविषयी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या.

केसांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तरुण सभासदांची चौकशी मुख्यतः तीच असते. डोक्याच्या मागील भागाचे केस सहसा गळत नाहीत, आणि उपटून पुढे लावले तरी आपला तो गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइख यांनी हे १९५९ साली दाखवून दिले, आणि आजचे सर्व केसरोपण त्यावरच उभे आहे. म्हणजे नवे केस कोठूनही येत नाहीत, मागचे पुढे येतात. मागील केस हे मुद्दल आहे, आणि ते पुन्हा भरत नाही. पंचविशीतील मुलाचे मुद्दल एका बैठकीत उधळले, तर चाळिशीत टक्कल आणखी मागे सरकल्यावर लावावयास काही उरत नाही. शिवाय खरा परिणाम दिसावयास नऊ ते बारा महिने लागतात. तोवर दलालाचा दूरध्वनी बदललेला असतो.

आणि सर्वच केसगळती टकलाची नसते. मोठा ताप, बाळंतपण, झपाट्याने उतरलेले वजन अथवा दीर्घ उपवास यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप परत येतात. पर्युषणात अठ्ठाई वा मासखमण केलेल्या भगिनींस दिवाळीच्या सुमारास हा अनुभव आला तर घाबरण्याचे कारण नाही. लोह, ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची तपासणी येथेच होते, आणि तिला पारपत्र लागत नाही. ज्यांचे वर्षीतप चालू आहे त्यांनी कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. भुलीच्या दृष्टीने आणि जखम भरण्याच्या दृष्टीने ती माहिती महत्त्वाची आहे.

आता ज्या गोष्टीविषयी जाहिरातीत एक अक्षरही नसते, पण आपल्या वाचकांस जी अत्यंत जिव्हाळ्याची आहे, तिच्याकडे वळू. परदेशात जेवणाची सोय काय, कांदा-लसूण वर्ज्य मिळेल काय, हे आपण आवर्जून विचारतो. शरीरात जे टोचले वा शिवले जाते, ते कशाचे हे मात्र विचारीत नाही. आतल्या आत विरघळणारा 'कॅटगट' हा जुना टाका गुराढोरांच्या वा मेंढ्यांच्या आतड्यांपासून होतो. सुरकुत्या भरण्यासाठी अमेरिकेत १९८१ साली मान्य झालेले पहिले कोलॅजन गाईच्या कातड्यातून काढलेले होते. आता वापरात असलेले हायलुरोनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढीत. आज ते बहुतांशी जंतूंच्या साहाय्याने आंबवून करतात, तथापि कोणत्या कंपनीचे कसे, हे विचारल्यावाचून कळत नाही. कपाळाच्या आठ्या घालविणारे बोट्युलिनम विष उंदरांवर मारक मात्रा ठरवून तोलले जात असे. २०११ साली एका अमेरिकन कंपनीस पेशींवरील चाचणीने ते तोलण्याची परवानगी मिळाली. सर्वच उत्पादक ती वापरतात असे समजू नये. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यांतून काढतात, आणि औषधाची बहुतेक कॅप्सूल-कवचे जिलेटिनची असतात.

प्राण वाचविण्याच्या प्रसंगी काय घ्यावे याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या विवेकाने व गुरुजनांच्या सल्ल्याने करावा. तेथे आम्ही बोलणारे कोण? परंतु जेथे प्रश्न प्राणाचा नसून आठीचा आहे, तेथे ही विचारपूस न करण्यास कोणते कारण आहे ते आम्हांस सुचत नाही. कृत्रिम टाके कित्येक वर्षांपासून मिळतात, वनस्पतिजन्य कॅप्सूल मिळतात. आपल्या गावच्या डॉक्टरांस हे आधी सांगितले तर ते बहुधा सोय करतात. परक्या देशात, परक्या भाषेत, भूल दिल्यानंतर कोण विचारणार?

धोक्यांची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेतून डोमिनिकन रिपब्लिक या बेटावरील देशात स्वस्त शस्त्रक्रियांसाठी मोठी रहदारी चालते. २००९ ते २०२२ या वर्षांत तेथे सौंदर्य-शस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकन नागरिक मरण पावल्याची नोंद अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण खात्याने प्रसिद्ध केली. ज्या मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली, त्यांत बहुतेक ठिकाणी चरबीचे कण अथवा रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली होती. २०१३-१४ मध्ये त्याच देशातून परतलेल्या २१ रोग्यांच्या जखमांत क्षयाच्या जातकुळीतील एक चिवट जंतू आढळला. घरी आल्यावर कित्येक आठवड्यांनी जखमा चिघळत आणि मग महिनोन् महिने औषधे घ्यावी लागत. दीर्घ विमानप्रवासाने गुठळीचा धोका वाढतो. म्हणून अंगावरील शस्त्रक्रियेनंतर पाच ते सात दिवस व चेहऱ्यावरील क्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानात बसू नये, असे ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. चार रात्रींच्या एकठोक भावात हे कसे बसते ते ज्याने त्याने पाहावे.

दुसरे उदाहरण भेसळीचे आहे. फ्रान्समधील पीआयपी ही कंपनी स्तनरोपणाच्या पिशव्या बनवीत असे. तिने वैद्यकीय प्रतीच्या सिलिकोनऐवजी कारखानी प्रतीचे स्वस्त सिलिकोन भरले, आणि तपासनीस येण्याच्या दिवशी निराळेच कागद पुढे केले. २०१० साली हे उघडकीस आले तोवर माल जगभर गेला होता. डिसेंबर २०१३ मध्ये तिच्या संस्थापकास चार वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या शरीरात तो माल होता, त्यांनी तो कोठे परत करावयाचा होता?

कायद्याची बाजू थोडक्यात. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. येथील डॉक्टरांविरुद्ध आपणांस दाद मागता येते. इस्तंबूलच्या दवाखान्याविरुद्ध सुरतेच्या ग्राहक आयोगापुढे उभे राहून काय पदरी पडेल, याचा विचार आधीच करावा. आरोग्यविम्यात निव्वळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया बसत नाही. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना बसू शकते. वस्तू व सेवा करातील आरोग्यसेवेची माफीही केसरोपण व सौंदर्य-शस्त्रक्रियेस नाही, मात्र जन्मजात व्यंग किंवा इजा सुधारण्यासाठी ती असल्यास आहे. कर बसविणाऱ्यांनी कार्प्यू व जोसेफ यांच्यामधील भेद असा नेमका ओळखला आहे.

याच भेदाच्या पुण्याकडच्या बाजूस आयुष्यभर उभे राहिलेले एक गृहस्थ होऊन गेले, आणि आपल्या समाजाशी त्यांचा निकटचा संबंध होता. डॉ. शरदकुमार दीक्षित हे मूळचे पंढरपूरचे. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९६८ पासून ते दरवर्षी भारतात येऊन दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, नाकाकानांची व्यंगे व चेहऱ्यावरील व्रण यांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. पुढे अपघाताने त्यांस चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, आणि कंठाच्या कर्करोगाने स्वरयंत्रही गेले. तरी शिबिरे थांबली नाहीत. महाराष्ट्रात त्यांची पुष्कळ शिबिरे पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने भरविली. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली स्थापिलेल्या या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गावोगावचे रोगी जमविले, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय केली. सरकारने २००१ साली दीक्षितांस पद्मश्री दिली, आणि २०११ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. परदेशातून इकडे येऊन, पदरमोड करून, दुसऱ्याच्या मुलाचा ओठ शिवून देणारा हा दिसावर काही निराळाच होता.

सुरतेत असे काम थोडे नाही. उत्तरायणाला मांजाने गाल व गळे कापलेली पोरे दरवर्षी रुग्णालयात येतात. पांडेसरा व सचिन येथील रंगाईच्या कारखान्यांत वाफेने आणि रसायनांनी भाजलेले कामगार असतात, आणि त्यांतले कित्येक खानदेशातून आलेले आपलेच भाषाबांधव आहेत. ओठ दुभंगलेल्या मुलाची शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात व्हावी असे डॉक्टर सांगतात. पुष्कळांची शाळेत जाण्याच्या वयापर्यंत होत नाही, कारण ती होऊ शकते हेच आईबापांस ठाऊक नसते.

कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. मंडळाच्या कार्यालयात सुरत व मुंबई येथील मान्यताप्राप्त प्लॅस्टिक सर्जनांची यादी, त्यांच्या नोंदणी क्रमांकांसह, सभासदांस पाहावयास मिळावी. आणि टाके, औषधे व भरावाची द्रव्ये कशापासून होतात याविषयी डॉक्टरांस विचारावयाची एक छापील प्रश्नावली मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत काढावी, म्हणजे ज्यांस बँकॉकला जावयाचेच आहे त्यांनाही ती बरोबर नेता येईल. उत्तरायणापूर्वी एक शिबिर भरविण्याचा विषय वैद्यकीय उपसमितीकडे आहेच. ज्या सभासदांच्या कारखान्यात वा शेजारी असा रोगी असेल, त्यांनी त्याचे नाव मार्गशीर्ष अखेरपर्यंत कार्यालयात कळवावे.